पहिलटकरीण

त्या हिवाळ्यात इंदापुरातल्या निम्म्या बायकांना ठाऊक होतं की मला दिवस गेलेत. ठाऊक नव्हतं ते फक्त मला, कारण तसं काही नव्हतंच. मी आपली हॉटेलांतून आणि मळ्यांतून हिंडत होते, बशीतलं चमचाभर चाखत होते आणि पुण्याच्या एका मासिकात त्यावर लिहीत होते. पण खाण्यावर लिहायला म्हणून एखादी बाई गावोगाव फिरते, हे पन्नास सालानंतरच्या त्या दिवसांत तिकडे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. नवरा बरोबर घेऊन बाई आंबट-गोड शोधत फिरते म्हणजे डोहाळे, दुसरं काय डोंबल असणार? त्यांचं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

आधीचं थोडं सांगायला हवं. आम्ही बारामतीला राहत होतो. हे कालव्याच्या खात्यात होते. नीरेचा डावा कालवा बारामतीवरून इंदापूरकडे जातो, त्याच्या पाण्याची देखरेख यांच्याकडे. सरकारी क्वार्टर, पुढे तुळस, मागे न्हाणीघर. माझं माहेर आईबरोबरच संपलेलं, म्हणून पहिलं बाळंतपण क्वार्टरमध्येच झालं, चैत्रात. मुलगी झाली. बारशाच्या आत गेली.

दात यायच्या आत गेलेल्या मुलाला अग्नी देत नाहीत. सुतक जेमतेम, दिवस करत नाहीत, कुणाला कळवतही नाहीत. हे आणि कचेरीतला शिपाई तिला घेऊन गेले, परत आले, यांनी न्हाणीघरात डोक्यावरून पाणी घेतलं आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले. सासूबाईंनी निरोप पाठवला, तब्येतीला जपा, वय आहे अजून. शेजारच्या क्वार्टरमधली बाई मोगऱ्याच्या कळ्या घेऊन आली. छातीला बांध, म्हणजे दूध आटेल, म्हणाली. मी बांधल्या. दूध आटलं. त्या कळ्यांचा वास किती दिवस अंगाला येत होता आणि मला त्याचंसुद्धा काही वाटत नव्हतं.

घरात आम्ही तिचा विषय काढला नाही. काढायचा तरी कसा? तिला नाव नव्हतं. ज्याला नाव नाही त्याच्याबद्दल बोलायला वाक्य कुठून सुरू करायचं? हे संध्याकाळी यायचे, चहा घ्यायचे, पाण्याची पाळी कुठल्या गावाला सुटली ते सांगायचे. मी 'हो का' म्हणायचे. मी रडले नाही. रडू आलंच नाही, भूक लागत नव्हती, आणि रागही येत नव्हता. माझ्यासारख्या फटकळ बाईला राग येऊ नये ही खरं तर काळजीची गोष्ट होती, पण काळजीही वाटत नव्हती. सगळं कसं शिळ्या भातासारखं झालं होतं. एकच धास्ती होती, आणि तीही दूरची, दुसऱ्या कुणाची असावी तशी. ती मुलगी झाली होती हे आता यांना आणि मला सोडून कुणाला आठवणार नाही, आणि आम्ही दोघं बोलत नव्हतो.

माझी एक शाळेतली मैत्रीण पुण्यात बायकांचं मासिक चालवायची. तिला कुणीतरी माझं कळवलं असणार. तिनं त्याबद्दल चकार शब्द न काढता लिहिलं, तिकडच्या खाण्यावर लिहून पाठव, हॉटेलं, मळे, गोडधोड, जे असेल ते. पुण्याच्या बायकांना वाटतं की पुण्याच्या पलीकडे लोक नुसतं पिठलं-भाकरी खातात. यांनी ते वाचलं आणि लगेच म्हणाले, जा की, मी फिरतीवर जातो तेव्हा चल माझ्याबरोबर. एरवी साधं नाटकाला न्यायचं तरी आठ दिवस विचार करणारा माणूस. मला घराबाहेर काढायला काहीतरी निमित्त हवं होतं त्यांना, एवढं मला कळलं. मी गेले, कारण नाही म्हणायलाही अंगात हुशारी लागते.

तर अशी मी खाण्यावर लिहायला लागले, ज्या वर्षी मला काही खावंसं वाटत नव्हतं त्याच वर्षी. चव मला कळायची बरं का. मीठ कमी, तूप जुनं, वेलदोडा दाखवण्यापुरता, हे सगळं जिभेला अचूक कळायचं. फक्त आवडायचं काही नाही. मापानं तेल मोजावं तसं मी चव मोजून घरी न्यायचे आणि कागदावर उतरवायचे.

पहिला लेख बारामतीचाच होता. पेठेतल्या हॉटेलातली जिलबी, मंडईतले पेरू, आणि कालव्याकाठचं एक गुऱ्हाळ. गुळव्यानं काहिलीतला गरम गूळ उसाच्या कांडीवर गुंडाळून हातात दिला. भोवती धूर, चिपाडांचा ढीग, वर मधमाश्या. मी चाखला आणि घरी येऊन लिहिलं की तो गूळ खाल्ला नाही त्यानं गूळ खाल्लाच नाही. यांनी लेख वाचला.

"इतका छान होता?" यांनी विचारलं.

"नव्हता का?"

"तू अर्धा टाकून दिलास."

लेख मात्र छापून आला आणि मैत्रिणीनं कळवलं की बायकांना फार आवडला, आणखी पाठव.

मग दिवाळीच्या आधी इंदापूर. यष्टीनं गेलो. त्या वेळच्या यष्टीत डिझेलचा वास पोटात शिरायचा, त्यात रस्ता तसला. इंदापूरच्या स्टँडवर उतरले आणि सरळ भिंतीशी जाऊन ओकले. समोरच एक हॉटेल होतं, पुणे-सोलापूरचे ट्रक थांबायचे तिथे. बाकांवर ड्रायव्हर, तहसिलीत कामाला आलेले पटकेवाले, चहाच्या कपांचा खणखणाट. बायकांसाठी कोपऱ्यात एक पडदा टांगलेला, त्यामागे एक टेबल. त्याला फॅमिली रूम म्हणायचे. पडद्यावर भज्यांच्या तेलाचे डाग होते. मालकाला सगळे तात्या म्हणत. जाडजूड माणूस, अंगात बंडी, खांद्यावर पंचा. त्यानं मला ओकताना पाहिलं होतं. पाण्याचा तांब्या स्वतः घेऊन आला.

"काय आनू वैनी? भजी हायत, बालुशाही हाय, गुलाबजाम हायत, खवा आपल्याच म्हशींचा."

"आंबट काय आहे?" मी विचारलं.

तोंड कडू झालं होतं, म्हणून विचारलं. तात्या थबकला. त्याच्या चेहऱ्यावर असं काही ऊन पडलं, जणू मी त्याला बक्षीसच दिलं होतं.

"आंबट? आनतो की! आगं, बाहीर ये जरा!" त्यानं आत हाक मारली.

आतून त्याची बायको आली. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि आत जाऊन चिंचेचा कोळ, लिंबाचं जुनं लोणचं, कवठाची गूळ घालून केलेली चटणी असं सगळं मांडलं. मी प्रत्येकातलं बोटभर घेतलं. दह्याचं मडकं होतं, ते उचलून वास घेतला, कारण मडक्याच्या दह्यावर दोन ओळी लिहायच्या होत्या.

"मातीचा वास बरा वाटतुया न्हवं?" तिनं हळूच विचारलं.

"हो, छान आहे," मी म्हटलं.

नवराबायकोनं एकमेकांकडे पाहिलं. हे तिकडे चहात बुडाले होते, त्यांना काही पत्ता नाही. मलाही नव्हता.

पुढच्या वेळेपासून गंमतच सुरू झाली. मी पडद्याआड जाऊन बसायचा अवकाश, न मागता समोर बशा यायच्या. ताजी बालुशाही, पण आधी आवळा. यष्टीचा कंडक्टर पुढची जागा रिकामी करून द्यायचा, म्हणायचा, "हितं बसा, हितं हादरं कमी बसत्यात." ड्रायव्हर खड्डा आला की गाडी अशी हळू घ्यायचा की मागची माणसं ओरडायची. भाजीवाली बाई पिशवीत चार पेरू जास्तीचे टाकायची आणि गालातल्या गालात हसायची. मला वाटलं, लेखांचा परिणाम. लिहिणाऱ्याला असं वाटायला वेळ लागत नाही. त्या मासिकाचा एकसुद्धा अंक इंदापुरात येत नव्हता, हे काही माझ्या ध्यानात आलं नाही.

तात्याची थोरली बहीण कालव्याच्या पाण्यावर बागायत करायची. हॉटेलातले पेरू, केळी, वांगी, मिरच्या सगळं तिच्या मळ्यातलं. तात्या तिला आक्का म्हणायचा, म्हणून मीही आक्काच म्हणायला लागले. उंच, काटक बाई, कपाळभर कुंकू, आवाज असा की मोटेवरच्या बैलांनी मान वर करावी. तिनं हुरडा खायला बोलावलं. बांधावर आगटी पेटवली होती, तिचा मुलगा कणसं भाजत होता, ती स्वतः हातावर चोळून गरम दाणे माझ्या ओंजळीत घालत होती. बरोबर लसणीची चटणी, दही, गूळ. मी लिहायचं म्हणून विचारत होते, ती सांगत होती.

जवळच एक पपई पिकून पिवळी झाली होती. मी हात लावला मात्र, आक्कानं ती हिसकावून घेतली.

"पपई न्हाय! खुळ्या का काय तुमी?"

मी म्हटलं, असेल बाई काहीतरी पद्धत. आणि पुढच्या लेखात चक्क लिहिलं की इंदापूरकडे पाहुण्यांना पपई देत नाहीत. तसं छापूनही आलं. ते वाचून पुण्यातल्या किती घरांत इंदापूरच्या पाहुण्यांपासून पपया लपवल्या गेल्या असतील, देव जाणे.

निघताना आक्कानं मला घरात नेलं, दार लोटलं आणि ओटी भरली. हिरवा खण, नारळ, पाच जातीची फळं. कानाशी येऊन म्हणाली, "कुनाला दावू नगा. गुमान घिऊन जा." मला घाम फुटला. मला वाटलं, कालव्याच्या साहेबाच्या बायकोला शेतकऱ्यानं चोरून फळं देणं म्हणजे लाच. उद्या पाण्याच्या पाळीवरून कुणी यांच्याकडे बोट दाखवलं तर? वाटेत मी यांना तसं म्हटलंही. हे म्हणाले, चार पेरू आणि दोन चिक्कू घेऊन कुणी पाणी वळवत नाही. आम्ही दोघंही शिकलेली माणसं. तिसऱ्या महिन्यात अशी गुपचूप ओटी भरतात, तिला चोरओटी म्हणतात, हे दोघांनाही ऐकून ठाऊक. पण ते आमच्याबद्दल असू शकेल, हे आमच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती.

माघात तात्यानं निरोप दिला. "आक्कानं रविवारी जेवाय बोलावलंय. वैनींनी सकाळीच यावं, सायबांनी दुपारी आलं तरी चालंल."

यांना सकाळी कालव्याच्या दाराच्या दुरुस्तीचं काम होतं. मला त्यांनी छकड्यानं मळ्यापर्यंत सोडलं आणि पुढे गेले. मी आत शिरले तर आंब्याच्या झाडाला झोपाळा टांगलेला. दोरांना झेंडूच्या माळा, खाली रांगोळी. आठ-दहा बायका नवी लुगडी नेसून ओसरीवर बसलेल्या, त्यांत तात्याची बायकोही होती. चुलवणावर पुरणपोळ्या, पलीकडे गव्हाची खीर रटरटत होती, करंज्या, अनारसे, कुरडया, भजी, दहीभात. मला वाटलं, कुणाचं तरी काहीतरी आहे आणि माझी चंगळ. पिशवीतून पेन्सिल काढून मी पदार्थांची नावं लिहायलासुद्धा लागले. खिरीत खसखस आहे का, असं विचारलं. बायका हसल्या. एकीनं माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली, दुसरीनं वेणीत फुलं माळली, आणि दोघींनी धरून मला झोपाळ्यावर बसवलं.

"अगं, मला कशाला?" मी म्हटलं.

"लाजत्यात बगा," एक म्हणाली. "अजून प्वाट दिसत न्हाई, म्हनून लाजत्यात."

"पयलटकरनीचं लवकर दिसत न्हाईच," दुसरी म्हणाली.

तात्याच्या बायकोनं माझ्यासमोर पाट ठेवला, पाटावर पालथ्या घातलेल्या दोन वाट्या. "उचला एक," ती म्हणाली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. एका वाटीखाली पेढा असतो, एकीखाली बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. डोहाळजेवणातला खेळ. मी किती जणींच्या डोहाळजेवणात हा खेळ खेळले होते. आवळे, चिंचा, यष्टीतली पुढची जागा, पपई, ओटी, सगळं एकदम समोर आलं. मला हसू यायला हवं होतं. हसण्यासारखंच होतं ते. काहीच आलं नाही. हात पुढे गेला आणि मी वाटी उचलली. का उचलली ते मला आजही सांगता येत नाही.

बर्फी होती.

"ल्येक!" सगळ्या एकदम ओरडल्या. "ल्येक हुनार!"

"बरंच की," एक म्हातारी म्हणाली. ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती, दात नव्हते तिला. ती वाकून माझ्या तोंडाकडे बघत, अगदी मायेनं म्हणाली, "पयलटकरीन न्हवं तुमी? मग ल्येकच बरी. पयलंच हाय न्हवं?"

मला दिवस नाहीत एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. सगळ्या हळहळल्या असत्या, मग हसल्या असत्या, पुरणपोळी वाढली असती. पण प्रश्न तो नव्हता. प्रश्न होता, पहिलंच ना? त्याला हो म्हणायचं म्हणजे चैत्रात काही झालंच नव्हतं. आणि मला राग आला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. त्या म्हातारीचा नाही, बायकांचाही नाही. कुणाचा ते कळेना, पण अंग तापलं, कानशिलं तापली.

"नाही," मी म्हटलं. आवाज नको इतका मोठा निघाला. "मी पहिलटकरीण नाही."

"मंग दुसरं व्हय?" कुणीतरी चाचरत विचारलं.

"दुसरंही नाही. मला दिवसच नाहीत, आक्का. मी खाण्यावर लिहिते, मासिकात. म्हणून फिरते. पहिली चैत्रात झाली. मुलगी. बारशाच्या आत गेली."

एवढं सगळं मी एका दमात म्हटलं. तोंडातून बाहेर पडल्यावर ते फार लहान वाटलं, सहा-सात शब्दांचं. "आगं बया," कुणी तरी म्हणालं. तात्याच्या बायकोनं खाली मान घालून पाट उचलला आणि वाट्या आत नेल्या. मला वाटलं आता ओशाळून एकेक जण उठेल. झोपाळ्यावरून उतरावं तर पाय खाली टेकेनात.

आक्का पुढे आली, माझ्यासमोर उकिडवी बसली.

"मंग एक झाली म्हना की," ती म्हणाली.

"झाली. पण..."

"पन काय? झाली ती झाली. माजी आट झाली, पाच हायत." तिनं मागे वळून बघितलं. "तुजी गं?"

"सात झाली, चार हायत," वेणीत फुलं माळणारी म्हणाली.

"माजी तीन झाली," तात्याची बायको दारातून म्हणाली, "दोन हायत."

दात नसलेल्या म्हातारीनं बोटांवर मोजलं, मधेच विसरली, परत मोजलं. "अकरा," ती म्हणाली. "हाय ती एकच, कुर्डुवाडीला दिलेली." कुणी डोळे पुसले नाहीत. कोणत्या रानात काय पेरलं ते सांगावं तशा त्या सांगत होत्या. आमच्यात मुलं किती विचारलं की आहेत तेवढी सांगतात. गेलेली मोजायची असतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

"घास कुनी आनला हुता?" आक्कानं विचारलं.

"कसला घास?"

"कडू घास. मयत झालं म्हंजी शेजारी भाकरी आनत्यात न्हवं, घरात चूल पेटत न्हाई तवा?"

"आणत नाहीत एवढ्याशा बाळाचं," मी म्हटलं.

"ते म्हाईत हाय मला. मेल्याचं नसतील आनत. पर आईला भूक लागतीया का न्हाई?"

ती उठली आणि सरळ चुलीकडे गेली. म्हातारीनं अडवायला बघितलं. "आज नगं गं, वटीचा दिस हाय, तसलं नगं करूस." आक्का मागे न बघता म्हणाली, "कुनाची वटी? प्वाट कुटं हाय?" आणि तिनं खिरीचं पातेलं खाली उतरवलं.

मी झोपाळ्यावर बसून बघत राहिले. तिनं पाण्यात मीठ टाकलं, बेसन भुरभुरलं, ढवळत राहिली. तेल नाही, मोहरी नाही, लसूण नाही. अशा पिठल्याला फोडणी देत नाहीत. एकीनं भाकरी थापल्या. पुरणपोळ्यांची दुरडी त्यांनी फडक्यानं झाकून बाजूला सरकवली, आणि सगळ्या माझ्याबरोबर जमिनीवर बसल्या. आक्कानं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि माझ्या तोंडाशी धरला. मी तोंड उघडलं.

चव कशी होती ते मी लिहू शकत नाही. चांगली नव्हती. गुठळ्या राहिल्या होत्या. पण मी तो घास गिळला आणि पुढचा माझ्या हातानं घेतला, त्याच्या पुढचाही. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मला रडू आलंय हे मला आधी कळलंच नाही. पाणी भाकरीवर पडायला लागलं तेव्हा कळलं.

तेवढ्यात हे आले. दाराचं काम आटोपून, तोंड धुऊन, टोपी हातात, मेजवानीला आल्यासारखे हसत आले. ओसरीशी चपला काढायला वाकले आणि त्यांना पिठलं दिसलं. देशावरचाच माणूस. फोडणी नसलेलं पिठलं त्यांनी बघताक्षणी ओळखलं. एक चप्पल पायात, एक बाहेर, तसेच उभे राहिले.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"आपली मुलगी," मी म्हटलं.

घरात जे शब्द कधी उच्चारले नव्हते ते मी परक्याच्या ओसरीवर आठ-दहा बायकांसमोर बोलले. आक्कानं त्यांच्यासाठी पाट टाकला. ते आले, बसले. तिनं त्यांच्या ताटात भाकरी ठेवली आणि घरच्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "कुटं ठिवलं लेकराला, सायेब?"

हे ताटाकडे बघत होते. मला वाटलं उठून जातील.

"कऱ्हेच्या काठाला," ते म्हणाले. "बाभळ आहे एक. तिच्याखाली. वर एक दगड ठेवलाय." मग म्हणाले, "नदीला पाणी आलं की दगड सरकतो. मी जाऊन परत ठेवतो."

मला हे माहीत नव्हतं. पावसाळाभर मी घरात बसून 'हो का' म्हणत होते आणि हा माणूस नदीवर जाऊन दगड जागेवर ठेवत होता. मला त्यांना ओरडावंसं वाटलं, मला का नाही सांगितलंत म्हणून. मी विचारलं होतं का कधी? त्यांनी घास घेतला. चावत राहिले. आक्कानं पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

"उद्या मला घेऊन चला," मी म्हटलं.

"उद्या नाही जमणार," हे म्हणाले, "उद्या पाणी सुटतंय." मग माझ्याकडे बघितलं, नीट, डोळ्यांत. "परवा जाऊ."

"परवा," मी म्हटलं, आणि आम्ही जेवायला लागलो.